खिंडीतले बुटके

दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा कधी मरत नाही. पहिल्या दिवशी तो दरवाजाशी उभा राहतो आणि किल्ला मोडेपर्यंत तिथेच असतो. मध्येच त्याचा भाला मोडला किंवा नाक उडाले, तर ते पोरांच्या हातून, शत्रूच्या नव्हे. कारण शत्रू किल्ल्यावर नसतोच. बाजारात मावळे मिळतात, तोफा मिळतात, गवळण आणि भाजीवाली मिळते, सिंहासनावरचे महाराज मिळतात. अफझलखानसुद्धा मिळतो, पण तो महाराजांच्या मिठीत, काम तमाम होण्याच्या बेतात असलेला. धडधाकट, लढायला सज्ज असा सिद्दी जौहर मागून पाहा; दुकानदार तुमच्या तोंडाकडे पाहत राहील.

माझ्या जेवणाच्या टेबलावर जी चित्रे उभी राहतात, ती मात्र मरतात. (किल्ल्यावरच्या बाहुल्यांना आमच्या पुण्यात ‘चित्रे’च म्हणतात, तोच शब्द इथेही चालवतो.) हा नाद मला पन्नाशी उलटल्यावर लागला, आणि तो लावला माझ्या पंधरा वर्षांच्या भाचीने. बुटके, राक्षस, चेटके, उंदराच्या तोंडाची माणसे अशी काल्पनिक मंडळी सुटे हात, सुटे पाय, सुटी मुंडकी अशा अवस्थेत पेटीतून येतात. जोडल्यावर एकेकाची उंची जेमतेम इंचभर, म्हणजे या धंद्याच्या मापात २८ मिलीमीटर. ती चिकटवायची, हवी तशी बदलायची, रंगवायची आणि मग टेबलावर डोंगर-नद्या मांडून, फुटपट्टीने चाल मोजून, फासे टाकून लढाई खेळायची.

“एवढं रंगवून शेवटी फासेच ना?” असे सौभाग्यवतीने पहिल्याच दिवशी विचारले होते. प्रश्न बिनतोड होता. धर्मराजानंतर आपल्या देशात फाशांविषयी चांगले बोलणारा माणूस विरळाच.

वास्तविक या खेळाची पणजी आपल्याच घरची. चतुरंग इथून निघाले, इराणातून आणि अरबांच्या मुलखातून युरोपात गेले आणि तिथे त्याचे आजचे बुद्धिबळ झाले. १७८० साली ब्रन्सविकच्या हेलविग नावाच्या गणिताच्या मास्तरांनी त्या पटाची घरे भरमसाट वाढवली आणि त्यांत डोंगर, नद्या, दलदल घातली. पुढे प्रशियात रायस्विट्झ बापलेकांनी तेच काम हाती घेतले. बापाने १८१२ साली राजाला एक टेबलच करून दिले. लेकाने १८२४ साली नकाशा, फासे आणि मधला पंच यांच्यासह नियमांचे पुस्तक काढले, आणि लष्करी अधिकारी ते अभ्यास म्हणून खेळू लागले. अभ्यास म्हटल्यावर गंमत गेली हे ओघानेच आले. ती परत आणली एका कादंबरीकाराने. ‘टाइम मशीन’वाले एच. जी. वेल्स जमिनीवर पालथे पडून खेळण्यातल्या स्प्रिंगच्या तोफेने शिशाचे शिपाई पाडत असत, आणि प्रदेश उभा करायला ज्ञानकोशाचे खंड मांडत. (आपल्याकडे केतकरांचे खंड ज्यांच्या कपाटात धूळ खात आहेत, त्यांनी याचा विचार करावा.) त्यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले. खरे युद्ध हा या खेळाच्या मानाने भलताच महागडा आणि आडमुठा प्रकार आहे, असे त्यात बजावून ठेवले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

बुटके आणि राक्षस या टेबलावर आले ते पुष्कळ उशिरा आणि अमेरिकेत. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावचे गॅरी गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्याबरोबर १९७१ साली मध्ययुगीन लढायांचे ‘चेनमेल’ हे पुस्तक काढले आणि त्याला काल्पनिक प्राण्यांची एक पुरवणी जोडली. नियम झाले, पण ड्रॅगनची चित्रे बाजारात होती कुठे? गायगॅक्स यांनी खेळण्यातला प्लास्टिकचा डायनोसॉर घेतला, पाठीवर तकटे असलेला स्टेगोसॉरस, आणि कापून-जोडून त्याचा ड्रॅगन केला. हाँगकाँगच्या स्वस्त खेळण्यांत जी ओळखू न येणारी जनावरे असत, त्यांनाही त्यांनी नावे देऊन राक्षस करून टाकले. पुढे १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघाले, १९८३ साली इंग्लंडात ‘वॉरहॅमर’ निघाले, आणि नॉटिंगहॅम गाव या धंद्याचे माहेरघर झाले. हा सगळा इतिहास मी भाचीकडून एका बैठकीत ऐकला. त्यातला तो डायनोसॉर तेवढा माझ्या मनात बसला. आम्हीही लहानपणी काड्यापेट्यांचे वाडे आणि खोडरबराचे नंदी केलेच होते की.

गेल्या वर्षी ठरले, की दिवाळीच्या सुट्टीत स्वतःची लढाई रचायची. मला अर्थातच पहिली आठवली ती घोडखिंड. १६६० चा जुलै, पन्हाळ्याचा वेढा, पावसाची रात्र, दोन पालख्या. एकीत महाराज आणि दुसरीत महाराजांच्या वेषातला शिवा काशीद. मग खिंड अडवून उभे राहिलेले बाजीप्रभू आणि विशाळगडाकडे लागलेले सगळ्यांचे कान. मी मोठ्या उत्साहाने भाचीला सांगितले.

ती म्हणाली, “मामा, आणि सिद्दी कोण होणार?”

“तू.”

“मी नाही.”

मी म्हटले, बरे, मी होतो. मग रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या हिशेब केला. समजा, मला सारखे सहा पडले आणि हिला सारखा एक पडला, तर? आमच्या जेवणाच्या टेबलावर, ऐन लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, महाराज सिद्दीच्या हाती लागणार! असला निकाल कोण मान्य करील? फासे पुन्हा टाका म्हणणार. आणि पुन्हा टाकायचेच असतील तर मग ते टाकायचे तरी कशाला? ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. तोफा होणार हे आपल्याला दुसरीपासून माहीत असते. खिंडीत उभ्या असलेल्या माणसांना मात्र ते माहीत नव्हते.

म्हणून आम्ही खिंड उचलून बुटक्यांच्या मुलखात नेऊन ठेवली. बुटक्यांचा राजा हरला तर कुणाच्या भावना दुखावत नाहीत. आणि उंदीरतोंडांचा सेनापती व्हायला भाची आनंदाने तयार झाली. उलट, त्यांच्या शेपट्यांना कोणता गुलाबी रंग द्यायचा यावर तिने आठवडा घालवला.

आता खरी अडचण पुढे आली. दोन पालख्या म्हणजे दोन राजे हवेत, आणि पेटीत राजा एकच. दुसरी पेटी आणावी तर तिच्या किमतीत महिन्याचे वाणसामान यावे. तेव्हा एका साध्या हातोडेवाल्या बुटक्याला राजा करायचे ठरले. या कामाला इंग्रजीत ‘कन्व्हर्शन’ म्हणतात. माझी आई त्याला ‘वेषांतर’ म्हणाली, आणि तिचाच शब्द बरोबर होता. ‘तोतया’ म्हणायला माझी जीभ रेटेना. तोतया दुसऱ्याचे नाव घेऊन राज्य मागतो. हा दुसऱ्याचे नाव घेऊन त्याचे मरण मागणार होता.

प्रथम त्याचा हातोडा कापला. बारीक धारेच्या चाकूने एका दमात कापायचे नसते. प्लास्टिक असले तरी ते चिरते. हलके हलके करवतत जावे लागते. मनगटात हाताने फिरवायच्या बारीक गिरमिटाने भोक पाडले, त्यात टाचणीचा तुकडा बसवला आणि त्यावर दुसऱ्या चित्राचा उघडा पंजा जोडला. प्लास्टिकला प्लास्टिक चिकटवण्याचा जो गोंद असतो तो खरे म्हणजे गोंद नव्हेच. तो दोन्ही तुकडे किंचित विरघळवतो आणि ते एकजीव होतात. मुकुट, दाढी आणि झगा मात्र लुकणाने घडवायचे. हे लुकण निळ्या आणि पिवळ्या अशा दोन पट्ट्यांत मिळते. सारखे मळले की पोपटासारखे हिरवे होते आणि तास-दीड तास हाताखाली राहते. आधी मी नळदुरुस्तीचे एम-सील वापरून पाहिले होते, पण ते लवकर आवळते आणि त्याच्या दाढीला दाढीपण येत नाही. बोटे आणि कोरणी सतत ओली ठेवायची, नाहीतर दाढी बोटालाच उगवते. एक एक बट ओढत दाढी कमरेपर्यंत आणायला मला चार रात्री लागल्या.

आणि मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. पेटीतला राजा यंत्रातून निघालेला, आणि हा हाताने केलेला. दोघे शेजारी उभे केले तर हाच अधिक राजा दिसे! भाचीला दुरून ओळखता आला असता. शेवटी खऱ्या राजाच्या दाढीवर लुकण चढवून त्याला याच्यासारखा करावा लागला.

रंगकामाचे मी फार सांगत नाही. ज्याला तो नाद नाही त्याला ते गृहिणीच्या फराळाच्या हकिगतीसारखे वाटते, चव न घेता नुसती कृती ऐकण्यापैकी. दोनच गोष्टी सांगतो. एक अशी, की इंचभर माणसाच्या नाकाची सावली पडून पडून किती पडणार? म्हणून सावली आपणच रंगवायची. आधी सगळ्या अंगावर प्रायमरचा हात, मग रंगाचे दोन पातळ हात, मग शाईसारखा पातळ काळपट रंग सोडायचा, म्हणजे तो चुण्यांत आपोआप उतरतो. आणि शेवटी गालाची हाडे, नाकाचा शेंडा, बोटांची पेरे यांवर उजेडाचे बारीक ठिपके. दुसरी अशी, की त्यासाठी सर्वांत बारीक ब्रश घेऊ नये. त्याच्या टोकावरचा रंग चित्रापर्यंत पोचायच्या आतच वाळतो. चांगल्या केसांचा, जरा पोटाळ, पण टोक सुईसारखे राहणारा ब्रश घ्यावा. हे कळायला लोकांना वर्षे लागतात. तुम्हांला फुकट सांगून ठेवतो.

डोळ्यांपाशी मात्र मी अडलो. माझा हात अलीकडे किंचित कापतो. दोन्ही मनगटे एकमेकांना टेकवली आणि करंगळी टेबलाला रोवली तरी बाहुली कडेला पळे आणि राजा तिरळा होई. आई शेजारी वाती वळत बसली होती. तिचे वय ८२. माहेर पेणचे, आणि घराशेजारीच गणपतीचा कारखाना. डोळ्यांची आखणी पाहण्यात तिचे बालपण गेलेले. ती म्हणाली, “अरे, श्वास सोडून झाल्यावर रेघ ओढ. घेताना नाही. आणि एक डोळा पुरा करून दुसऱ्याकडे जाऊ नकोस. दोन्ही बरोबर उघडायचे.”

मी तसे केले. पेणला आखणी सगळ्यात शेवटी होते, आणि आमच्यात सगळ्यात आधी. कारण इकडेतिकडे गेलेला पांढरा रंग मग कातडीच्या रंगाने झाकता येतो. आई म्हणाली, “म्हणजे आधी बघायला लागतो आणि मग त्याला अंग येतं. काय त्याला बिचाऱ्याला दिसत असेल!”

भाचीने त्या काळात एकदा विचारलेही, “मामा, हा दुसऱ्याच चालीत मरणार. ह्याचे डोळे कशाला काढत बसलायस?” मी काही बोललो नाही. श्वास सोडत होतो.

फ्रिजच्या खोक्यातून आलेल्या थर्माकोलचे कडे केले, त्यावर गोणपाट, माती आणि वाळवलेली चहापत्ती. खिंडीची रुंदी बरोबर दहा सेंटीमीटर ठेवली. चित्रांच्या बैठका अडीच सेंटीमीटरच्या, म्हणजे एका वेळी चारच उंदरांना चारच बुटक्यांशी भिडता यावे. सगळी युक्ती या भागाकारात होती. बुटके चोवीस. उंदीर साठ, आणि मेलेला उंदीर पुन्हा मागच्या रांगेत येऊन उभा राहणार, म्हणजे खरोखर अगणित. राजा गडावर कधी पोचणार, हा प्रश्न मात्र आम्ही टेबलावर ठेवलाच नाही. आई स्वयंपाकघरात बसून प्रत्येक चालीला वाटीत दोन फासे टाकणार, आकडे कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहून बेरीज करणार, आणि साठ भरले की ताट वाजवणार. ती तोफ. तोवर बेरीज कुणाला सांगायची नाही. तिने तीस वर्षे प्राथमिक शाळेत गणित शिकवलेले, तेव्हा हिशेबाची काळजी नव्हती.

नरकचतुर्दशीला दुपारी खेळ मांडला. भाचीने थोडा विचार करून डावीकडची पालखी धरली आणि दुसऱ्या चालीत तिला गाठले. नियम असा, की पाच किंवा सहा पडेपर्यंत तिला ओळख पटणार नाही, आणि तोवर तिथली फौज तिथेच. तिला दोन पडले. मग तीन. मग पाच. तिने चित्र उचलले आणि उलटे केले. बैठकीखाली पेन्सिलची फुली होती.

“आता ह्याचं काय?”

“काढून ठेव.”

तिने ते मेलेल्यांच्या डब्यात टाकले नाही. बराच वेळ मुठीतच धरून होती. मग म्हणाली, “मामा, ह्याला आधीपासून माहीत होतं?”

“होतं.”

त्यानंतर ती चिडल्यासारखी खेळली. खिंडीत तिने उंदरांच्या लाटांवर लाटा सोडल्या. माझ्या पहिल्या फळीने तीन चाली तग धरला. मग फासे फिरले. एकदा मला चार फाशांत तीन वेळा एक पडला. सहाव्या चालीअखेर नऊ बुटके राहिले. भाची मोठ्याने मोजत होती, “आता सहा! आता पाच!” आणि मी, साठीला आलेला गृहस्थ, हातात फासे धरून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होतो. आत वाटीत फासे वाजत, पेन्सिल कागदावर घासली जाई, आणि पुन्हा शांत. शेजारच्या वाड्यात फटाका वाजला तरी माझ्या छातीत धस्स होई. घोडखिंडीची गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली आहे, पोरांना रंगवून सांगितली आहे. पण कान असे दाराला लागलेले मला कधीच माहीत नव्हते.

“आता तीन!” भाची ओरडली.

आणि ताट वाजले. एकदा नव्हे, लागोपाठ पाच वेळा, उलथन्याने. सौ. देवघरातून धावत आली, काय पडले म्हणून.

भाचीने फासे खाली ठेवले आणि सरळ आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कॅलेंडरचे पान होते. नऊ, पाच, सात, चार, दहा, सहा, आठ, चार. तिने तिथेच उभ्या उभ्या बेरीज केली.

“आजी, हे त्रेपन्न होतात.”

“हो.”

“साठ झाल्यावर वाजवायचं होतं!”

“तीनच उरले होते ना?” आई म्हणाली. “गडावर मी होते. मला राजा दिसला, मी तोफ उडवली.”

यावर बरीच वादावादी झाली. सामना बरोबरीत धरावा असे सौ.चे मत पडले. भाचीने ते धुडकावले. शेवटी ठरले ते असे, की यंदाच्या दिवाळीला फाशांची वाटी मामीकडे राहणार, कारण आपले टेबल महिनाभर अडवणाऱ्या बुटक्यांबद्दल तिला कसलीही माया नाही. आईने बुटक्यांच्या बाजूने खेळावे असेही भाचीने सुचवले आहे. आई अजून हो म्हणालेली नाही.

राहता राहिला तो पालखीतला. तो आता उपयोगाचा नाही. भाची त्याला ओळखते. त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित मोठा आहे, हे तिने मुठीतल्या मुठीत हेरले होते. सध्या तो आईने शोकेसमध्ये सावंतवाडीच्या लाकडी फळांशेजारी ठेवला आहे. मी पेटीतला दुसरा हातोडेवाला घेतला आहे. हातोडा कापून झाला, पंजाही बसला. दाढीचे लुकण काल रात्री चढवले, ते अजून पुरते कडक व्हायचे आहे.